लाल शैवाल, एक विषाणू आणि ‘प्रतिबंध’ या शब्दाचा अर्थ

आजच्या विषयाचं नाव वाचून काहींनी विचारलं, की समुद्रातल्या शेवाळापासून निघणारं एक द्रव्य आणि स्त्रियांना होणारा एक विषाणूसंसर्ग, यात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांचं काय काम? प्रश्न रास्त आहे. औषध काय करतं ते डॉक्टरांनी आणि जीवशास्त्रज्ञांनी सांगावं. पण ‘या उपायामुळे तो रोग टळला’ असं वाक्य आपण कधी उच्चारू शकतो, ते उच्चारायला किती पुरावा लागतो, हा प्रश्न आमच्या शास्त्रातला फार जुना आहे. आणि इथे त्या प्रश्नावर बरंच काही अवलंबून आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं निदान भारतात दरवर्षी सुमारे सव्वा लाख स्त्रियांमध्ये होतं आणि ७५ हजारांहून अधिक स्त्रिया त्यानं मरण पावतात. ‘शैवालाचं जेल विषाणूला रोखतं’ अशी एक ओळ वाचून कोणी लस किंवा तपासणी टाळली, तर ती चूक केवळ तर्कातली राहत नाही.

तर आधी विषाणू कोणता ते बघू. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे आपण ज्याला एचपीव्ही म्हणतो. याचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. बरेचसे निरुपद्रवी, काही चामखीळ आणणारे, आणि डझनभराहून थोडे अधिक कर्करोगाशी जोडलेले. त्यातही १६ आणि १८ या क्रमांकाचे दोन प्रकार गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या सुमारे ७० टक्के रुग्णांमध्ये सापडतात. हा संबंध दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउसेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

इथे एक भेद लक्षात ठेवायला हवा. एचपीव्ही हे या कर्करोगाचं जवळजवळ अनिवार्य कारण आहे, पण पुरेसं कारण नाही. म्हणजे विषाणूशिवाय हा रोग सहसा होत नाही. पण विषाणू शिरला म्हणजे रोग होतोच, असंही नाही. बहुतेक संसर्ग शरीर आपोआप दोनेक वर्षांत निपटून टाकतं. जो संसर्ग वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतो, त्यातून पुढे पंधरा-वीस वर्षांनी कर्करोग उद्भवू शकतो. तेव्हा ‘एचपीव्ही आढळला’ या शब्दांनी कोणाही बाईनं घाबरून जाण्याचं कारण नाही, आणि कोणी तिच्या चारित्र्याकडे बोट दाखवण्याचं तर मुळीच नाही. लैंगिक संबंध असणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हा तरी हा विषाणू गाठतोच.

आता शैवाल. आपल्या स्वयंपाकघरात चायना ग्रास असतो ना, दुधात विरघळवून थंड केलं की वड्या पडतात तो? तो लाल जातीच्या समुद्रशैवालापासून काढतात. त्याचाच एक चुलतभाऊ म्हणजे कॅराजिनन. आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या खडकांवर वाढणारं लाल शैवाल लोक दुधात उकळून खीर घट्ट करायला वापरत, आणि तिथल्याच भाषेतून हे नाव आलं. आज ते आइस्क्रीममध्ये, चॉकलेटच्या दुधात, टूथपेस्टमध्ये दाटपणा आणण्यासाठी घालतात. आपल्याकडे तमिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर बांबूच्या तराफ्यांना दोऱ्या बांधून या जातीच्या शैवालाची शेती होते. म्हणजे द्रव्य काही गूढ नाही. स्वस्त आहे, मुबलक आहे, आणि आपल्या पोटात नकळत गेलेलंही आहे.

मग याचा विषाणूशी संबंध कसा? रसायनाच्या भाषेत कॅराजिनन ही साखरेच्या रेणूंची लांबलचक माळ आहे, आणि त्या माळेला ठिकठिकाणी सल्फेटचे गट लटकलेले असतात. या गटांमुळे माळेवर ऋण विद्युतभार असतो. आता आपल्या शरीरात बघा. त्वचेच्या आणि आतल्या अस्तराच्या पेशींभोवती हेपरान सल्फेट नावाची अशीच ऋणभारित साखळी असते. एचपीव्हीला आत शिरायचं असतं तेव्हा तो आधी या साखळीला चिकटतो. अस्तर अखंड असेल तर त्याला सहसा वाट मिळत नाही. पण संबंधाच्या वेळी डोळ्यांना न दिसणारे बारीक ओरखडे पडतात, खालचा थर उघडा पडतो, आणि तिथे विषाणू हेपरान सल्फेट धरून बसतो. मग त्याच्या कवचाचा आकार किंचित बदलतो आणि तो पेशीत शिरतो.

कॅराजिनन हे हेपरान सल्फेटसारखं दिसतं. विषाणू त्यालाच मिठी मारतो, आणि खरा आधार धरायला त्याचे हात मोकळे राहत नाहीत. २००६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या ख्रिस्तोफर बक, जॉन शिलर, डग्लस लोवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रयोगशाळेत दाखवलं. हेपरिन हे परिचित द्रव्य अशाच रीतीनं विषाणूला अडवतं. कॅराजिनन त्याच्यापेक्षा सुमारे हजारपटीनं प्रभावी निघालं. पुढच्याच वर्षी उंदरांवरच्या प्रयोगातही त्यानं संसर्ग रोखला. शिलर आणि लोवी ही नावं लक्षात ठेवा, कारण एचपीव्हीच्या लशीचा पायाही या दोघांच्या कामावर उभा आहे.

इथपर्यंत गोष्ट फार गोड आहे. बशीत चालतं, उंदरात चालतं, स्वस्त आहे, खाण्यात आहे. आता बाजारात आणा, नाही का? पण इथेच थांबायचं.

त्याच उंदरांच्या अभ्यासात दुसरं एक द्रव्य होतं: नॉनॉक्सिनॉल-९. शुक्रजंतू मारण्यासाठी ते अनेक वर्षं वापरात होतं. प्रयोगशाळेत ते एड्सच्या विषाणूलाही मारत असे, म्हणून ते स्त्रियांना संरक्षण देईल अशी मोठी आशा होती. आफ्रिकेतल्या काही देशांत आणि थायलंडमध्ये देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये त्याची चाचणी झाली, आणि २००० साली डर्बनच्या एड्स परिषदेत निष्कर्ष मांडले गेले. संरक्षण तर नाहीच. जेल वारंवार वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण अधिक दिसलं. कारण ते द्रव्य विषाणूबरोबर योनीच्या अस्तरालाही इजा करत होतं. भिंत पाडून चोराला अडवण्यासारखंच ते. उंदरांमध्येही नॉनॉक्सिनॉल-९ मुळे एचपीव्हीचा संसर्ग वाढला. तेव्हा ‘बशीत विषाणू थांबला’ आणि ‘बाईचा संसर्ग टळला’ या दोन वाक्यांमध्ये मोठी दरी आहे. ती तर्कानं ओलांडता येत नाही, चाचणीनंच ओलांडावी लागते.

चाचणीकडे वळण्याआधी आपण नैयायिकांकडून एक हत्यार उसनं घेऊ. धूर दिसला की अग्नी आहे असं अनुमान आपण करतो, कारण जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, ही व्याप्ती आहे. पण उलट म्हणून बघा. जिथे अग्नी तिथे धूर? नाही. लोहाराच्या भट्टीतल्या तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. अग्नीपासून धूर निघायला ओलं इंधन लागतं. हे ओलं इंधन म्हणजे नैयायिकांच्या भाषेत ‘उपाधी’. दोन गोष्टी जोडीनं दिसतात, पण खरं काम तिसरीच गोष्ट करत असते. आणि ती ध्यानात घेतली नाही तर व्याप्ती फसवी निघते.

हे हत्यार हातात धरून आता दक्षिण आफ्रिकेत जाऊ. पॉप्युलेशन काउन्सिल या संस्थेनं कॅरागार्ड नावाचं कॅराजिननचं जेल तयार केलं. मूळ हेतू एचपीव्ही नव्हता, एचआयव्ही होता. त्यामागची कल्पना समजून घ्या. कंडोम वापरायचा की नाही हे पुष्कळदा पुरुष ठरवतो. ज्या बाईला ‘नाही’ म्हणण्याची सोय नाही, तिच्या स्वतःच्या हातात राहील असं काही साधन हवं, ही ती कल्पना. सहा हजारांहून अधिक स्त्रिया या चाचणीत होत्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एकाला खरं जेल, दुसऱ्याला तसंच दिसणारं पण औषध नसलेलं. कोणाला काय मिळालं हे त्यांना ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यांनाही नाही. २००८ साली निकाल छापून आला: जेल निर्धोक आहे, पण एचआयव्हीपासून संरक्षण देत असल्याचं दिसत नाही. वापरलेल्या नळ्या तपासल्यावर कळलं, की सरासरी सुमारे ४२ टक्के संबंधांच्या वेळीच जेल लावलं गेलं होतं. तोंडी विचारल्यावर स्त्रियांनी सांगितलेलं प्रमाण याहून बरंच मोठं होतं.

त्या स्त्रियांना खोटारडं म्हणू नका. आपल्याला डॉक्टरांनी विचारलं, ‘गोळ्या वेळेवर घेता ना?’ तर आपण काय उत्तर देतो?

मग त्याच चाचणीतल्या काही स्त्रियांचे नमुने एचपीव्हीसाठी तपासले गेले. सगळ्या मिळून बघितलं तर दोन गटांत ठळक फरक नव्हता. पण ज्या स्त्रियांनी जेल नेमानं वापरलं होतं, त्यांच्यात धोकादायक एचपीव्हीचं प्रमाण कमी आढळलं. वर्तमानपत्राला मथळा मिळाला. पण आपण विचारू, इथे ओलं इंधन कुठे आहे? जी बाई जेल नेमानं वापरते ती कदाचित एकूणच जपून वागते. तिचा जोडीदार ऐकणारा असेल, ती कंडोमही अधिक वापरत असेल. म्हणजे संरक्षण जेलनं दिलं की नेमानं, हे त्या आकड्यावरून कळत नाही. चिठ्ठ्या टाकून गट पाडले होते ते खऱ्या जेलचे आणि नकली जेलचे. ‘नेमानं वापरणाऱ्या’ आणि ‘न वापरणाऱ्या’ असे गट चिठ्ठ्यांनी पाडलेले नव्हते. ते स्वभावानं आणि परिस्थितीनं पडले होते. चिठ्ठी टाकण्याचा सगळा खटाटोप उपाधी दोन्ही बाजूंना सारख्या वाटल्या जाव्यात म्हणून असतो. तो खटाटोप मागच्या दारानं सोडून दिला, तर पुन्हा आपण धुरातच.

म्हणून एचपीव्हीसाठीच आखलेली स्वतंत्र चाचणी हवी होती. ती कॅनडात माँट्रियलला मॅकगिल विद्यापीठातल्या एदुआर्दो फ्रँको यांच्या गटानं केली. २०१३ पासून पुढे ४६१ तरुण स्त्रिया त्यात सहभागी झाल्या. अर्ध्यांना कॅराजिननचं जेल, अर्ध्यांना नकली. पहिला महिना दिवसाआड आणि पुढे प्रत्येक संबंधाच्या वेळी ते लावायचं. २०२३ मध्ये आलेला अंतिम निष्कर्ष असा: नकली जेलच्या गटात १०० पैकी सुमारे ६६ जणींना नवा एचपीव्ही संसर्ग आढळला, कॅराजिननच्या गटात सुमारे ५२ जणींना. काळाचा हिशेब धरून धोका एक तृतीयांशाहून थोडा अधिक कमी झाला. आणि ही तुलना चिठ्ठ्यांनी पाडलेल्या गटांची होती, म्हणून तिला वजन आहे.

पण त्याच सुमारास त्याच शहरात पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये याच द्रव्याची चाचणी झाली. तिथे गुदमार्गातल्या एचपीव्हीपासून संरक्षण दिसलं नाही, उलट जळजळीसारख्या तक्रारी कॅराजिननच्या गटात जास्त आल्या. द्रव्य तेच, विषाणू तोच, शहर तेच. जागा बदलली आणि फळ बदललं. एका ठिकाणची व्याप्ती दुसरीकडे आपोआप लागू होत नाही, याचं याहून चांगलं उदाहरण आम्हाला वर्गात शिकवायला मिळालं नसतं.

आता माँट्रियलच्या निष्कर्षातून काय सिद्ध होतं आणि काय होत नाही, ते नीट वेगळं करू. सिद्ध काय झालं? त्या स्त्रियांमध्ये, त्या काळात, नवे संसर्ग कमी आढळले. सिद्ध काय झालं नाही? कर्करोग कमी झाला, हे नाही. आपण सुरुवातीला म्हटलं की बहुतेक संसर्ग आपोआप जातात. जेलनं जे रोखले ते जाणारेच होते की ठाण मांडणारे होते, हे एवढ्या चाचणीतून ठरत नाही. कर्करोगापर्यंतचा रस्ता पंधरा-वीस वर्षांचा आहे. शिवाय जेल प्रत्येक वेळी लावावं लागतं, आणि ते किती अवघड आहे हे दक्षिण आफ्रिकेनं दाखवलंच आहे. आणि शंभरात ६६ ऐवजी ५२ म्हणजे जेल वापरूनही निम्म्याहून अधिक जणींना नवा संसर्ग झालाच की. ‘धोका कमी झाला’ याचा अर्थ ‘धोका गेला’ असा होत नाही.

इथे ‘प्रतिबंध’ या शब्दाची खरी अडचण समोर येते. रोग बरा झाला तर तो दिसतो. कालपर्यंत ताप होता, आज नाही. पण प्रतिबंध म्हणजे एक गोष्ट न घडणं. आपल्याकडे वैशेषिकांनी अभावाला स्वतंत्र पदार्थ मानलं. जमिनीवर घट नाही, हेही एक ज्ञान आहे असं ते म्हणाले. पण घट नाही हे दिसलं, तरी तो कोणामुळे नाही हे जमिनीकडे पाहून कळत नाही. एखादी बाई म्हणाली, ‘मी जेल वापरलं आणि मला काही झालं नाही,’ तर तिचा अनुभव खरा आहे. पण न वापरतादेखील तिला काही झालं नसतं, ही शक्यता तो अनुभव दूर करू शकत नाही. एका व्यक्तीच्या बाबतीत प्रतिबंध कधीच दिसत नाही. तो गटांची तुलना करूनच कळतो. म्हणून प्रतिबंधाच्या बाबतीत ‘मला गुण आला’ हे वाक्य फार जपून ऐकावं.

आणि हीच कसोटी आपण स्वतःला प्रिय असलेल्या उपायालाही लावली पाहिजे, नाहीतर तो पक्षपात. लशीचंच घ्या. भारतात २००९ साली मुलींना लशीचे दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे पाहणारा मोठा अभ्यास सुरू झाला. आपल्या बार्शीचं केंद्रही त्यात होतं. २०१० मध्ये सरकारनं अशा अभ्यासांतलं लसीकरण थांबवलं, आणि हजारो मुलींना एकच डोस मिळालेला राहिला. दहा वर्षांनी दिसलं, की एका डोसवर राहिलेल्या मुलींनाही १६ आणि १८ या प्रकारांच्या चिवट संसर्गापासून जवळपास तितकंच संरक्षण मिळालं. आनंदाचीच गोष्ट. पण एक डोस मिळालेल्या मुली चिठ्ठीनं निवडल्या गेल्या नव्हत्या, हा आक्षेप इथेही तितकाच लागू. त्याला उत्तर केनियातल्या चाचणीनं दिलं. तिथे चिठ्ठ्या टाकून एकाच डोसची परीक्षा झाली आणि २०२२ साली दीड वर्षाच्या पाठपुराव्यानंतर ९७ टक्क्यांहून अधिक संरक्षण आढळलं. शंका घेणं म्हणजे विरोध करणं नव्हे. शंका नीट विचारली तर पुढचा प्रयोग नीट आखला जातो.

तपासणीच्या बाबतीत तर पुरावा आपल्या घरातलाच आहे. तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव जिल्हा. १९९९ पासून तिथल्या खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. गावांचे गट चिठ्ठीनं चार भागांत वाटले: एका भागात एचपीव्ही चाचणी, बाकी दोहोंत तपासणीच्या इतर पद्धती, आणि चौथ्यात नेहमीची आरोग्यसेवा. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात नेहमीच्या सेवेच्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं ६४ मृत्यू झाले, एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीनं मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ साली हा निष्कर्ष छापला गेला आणि जगभर त्याचा आधार घेतला जातो. चौथ्या गटातल्या स्त्रियांना तपासणी का मिळू नये, असा नैतिक प्रश्नही त्यावर विचारला गेला, आणि तो विचारायलाच हवा. पण ज्या स्त्रियांनी ही किंमत मोजली, त्यांच्यामुळे मिळालेलं ज्ञान आपण वापरलं नाही, तर तो अन्याय दुहेरी होईल.

मग आज बाईनं काय करावं? जागतिक आरोग्य संघटनेनं २०३० साठी तीन उद्दिष्टं ठेवली आहेत: १५ वर्षं वयापर्यंत ९० टक्के मुलींचं लसीकरण, ३५ व्या आणि पुन्हा ४५ व्या वर्षापर्यंत ७० टक्के स्त्रियांची चांगल्या चाचणीनं तपासणी, आणि दोष आढळलेल्यांपैकी ९० टक्के स्त्रियांना उपचार. जेल या यादीत नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही देशी लस २०२२ मध्ये मान्य झाली आणि २०२३ पासून उपलब्ध आहे. मुलगी नऊ ते चौदा वर्षांची असेल तर लशीबद्दल डॉक्टरांशी बोला. वय तिशीच्या पुढे असेल तर तपासणी करून घ्या, लस घेतलेली असली तरीही, कारण लस सगळ्या प्रकारांवर नाही. आणि त्रास होत नाही म्हणून तपासणी टाळू नका. हा रोग सुरुवातीला मुकाच असतो.

मग शैवालाचं काय, ते सोडून द्यायचं? मुळीच नाही. ज्या वयातल्या स्त्रियांना लस मिळाली नाही, ज्यांच्या नात्यात कंडोमचा निर्णय त्यांच्या हातात नाही, त्यांच्यासाठी स्वस्त, निर्धोक आणि स्वतःच्या हातात राहणारं साधन शोधणं हे मोलाचंच काम आहे. माँट्रियलचा निष्कर्ष अन्य देशांत, अधिक स्त्रियांमध्ये, अधिक काळ तपासला जावा, आणि त्यात नुसता संसर्ग नव्हे तर टिकून राहणारा संसर्ग मोजला जावा. तो उतरला कसाला, तर आपण त्याचं स्वागत करू. तोवर ते एक आशादायक अनुमान आहे, एवढंच म्हणू. एखाद्या गोष्टीला तिच्या पुराव्याइतकंच मोठं म्हणावं, आमच्या शास्त्रानं आम्हाला शिकवलं ते एवढंच.

पुढच्या वेळी आपण ‘धोका’ या शब्दाकडे पाहू: शंभरात एक म्हणजे नेमकं काय, आणि तो एक आपणच असू शकतो याचं ज्ञान माणसानं कसं बाळगावं. प्रश्न असतील तर लिहून कळवा.